एडीएचडी, उडालेली झोप आणि विसराळूपणा: धंतोलीत कुठे जायचं, किती लागतं

रात्री दोनपर्यंत डोळा लागत नाही. सकाळी तीन गजर बंद करून पुन्हा झोपता. गाडीची किल्ली फ्रिजवर सापडते आणि वीजबिल तारीख उलटल्यावर आठवतं. हे लहानपणापासून चालत आलं असेल, तर एडीएचडीची शंका घ्यायला जागा आहे. त्यासाठी नागपुरात बहुतेकांची पावलं धंतोलीकडेच वळतात. मानसोपचारतज्ज्ञ, मेंदूविकारतज्ज्ञ, छातीचे डॉक्टर, पॅथॉलॉजी, एमआरआय, औषधांची दुकानं सगळं चालत दहा मिनिटांच्या आत. सोय मोठी आहे, पण इतकं जवळ असल्यामुळेच एका चिठ्ठीवरून दुसऱ्या दारात आणि तिथून तिसऱ्या दारात जाणं होतं आणि खिसा रिकामा होतो.

क्रम नीट लावलात तर पहिल्या महिन्याचं काम साधारण तीन-चार हजारांत भागतं. क्रम उलटा झाला तर पंधरा-वीस हजार जातात आणि झोप होती तिथंच राहते. आधी दोन आठवडे घरी झोपेची नोंद करा, मग मानसोपचारतज्ज्ञांकडे जा, तपासण्या त्यांनी सांगितल्या तरच करा, औषधं आणि थेरपी त्यानंतर. पुढे दिलेले दर खासगी दवाखान्यांचे ढोबळ दर आहेत. दवाखान्यागणिक ते बदलतात, म्हणून घरून निघण्याआधी फोन कराच.

निघण्याआधी, फुकटात

एक कागद घ्या आणि उभे रकाने पाडा: अंथरुणावर कधी पडलात, झोप अंदाजे कधी लागली, मध्ये किती वेळा उठलात, सकाळी कधी उठलात, दुपारी झोपलात का, शेवटचा चहा किती वाजता, फोन हातातून कधी ठेवला. चौदा ओळी, बस. कागद ब्रश करायच्या जागी चिकटवा आणि पेन दोरीनं तिथंच बांधा. मोबाइलमधल्या अ‍ॅपवर नोंद ठेवू नका. नोंदीसाठी फोन उघडाल आणि अर्ध्या तासानं दुसरंच काही पाहत असाल. एखादा दिवस विसरलात तर ओळ कोरी सोडा, आठवून भरू नका.

या कागदावर सर्वांत मोलाची ओळ सुट्टीच्या दिवसाची. कोणी उठवलं नाही तर तुम्ही पहाटे तीन ते सकाळी अकरा सलग, गाढ झोपता आणि ताजेतवाने उठता का? तसं असेल तर तुमची झोप मोडलेली नाही, ती उशिरा सरकली आहे. एडीएचडी असलेल्या अनेक प्रौढांमध्ये शरीराचं घड्याळ उशिरा चालतं. नेदरलँड्समधल्या संशोधनात रात्रीचं मेलाटोनिन अशा लोकांमध्ये इतरांपेक्षा सुमारे दीड तास उशिरा वाढताना दिसलं. त्यावरचा इलाज झोपेची गोळी नाही. उठण्याची वेळ पक्की करणं, सकाळचा उजेड घेणं आणि डॉक्टरांनी वेळ ठरवून दिलेलं कमी मात्रेचं मेलाटोनिन, हा आहे. हा कागद नसेल तर पहिल्या भेटीत डॉक्टर तुम्हाला नोंद ठेवायला सांगून घरी पाठवतील आणि दुसऱ्या भेटीची फी पडेल.

घरात जे कोणी तुमच्या शेजारी झोपतं त्यांना दोन गोष्टी विचारा. मी घोरतो का, आणि घोरताना श्वास मध्येच थांबतो का? झोपताना पाय सारखे हलवतो का? उत्तर कागदाच्या मागे लिहा.

मग लहानपणाचा पुरावा. एडीएचडीचं निदान करताना लक्षणं बारा वर्षांच्या आत दिसत होती का आणि ती घर, शाळा, नोकरी अशा किमान दोन ठिकाणी दिसतात का, हे डॉक्टर पाहतात. त्यासाठी शाळेची प्रगतिपुस्तकं शोधा. "हुशार आहे पण लक्ष नाही", "वह्या अपूर्ण", "वर्गात सारखी चुळबुळ" असे शेरे असतील ती पानं उपयोगाची. प्रगतिपुस्तकं गेली असतील तर आई, मोठी बहीण किंवा मामा, ज्यांना तुमचं बालपण आठवतं असं कोणी बरोबर न्या. येणं शक्य नसेल तर भेटीच्या वेळी त्यांना फोनवर मोकळं राहायला सांगा.

जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठीची सहा प्रश्नांची चाचणी फुकट मिळते. घरी भरून न्या. त्यातून शंका पक्की होते, निदान होत नाही. एवढीच चाचणी घेऊन कोणी "निदान पॅकेज" विकत असेल तर पैसे देऊ नका.

हे सगळं चेन असलेल्या एका प्लास्टिकच्या फायलीत ठेवा. सोबत आधार कार्ड, जुन्या चिठ्ठ्या, सध्याच्या गोळ्यांच्या पाकिटांचे फोटो, सहा महिन्यांतले रक्ताचे रिपोर्ट. घरात कोणाला हृदयविकार असेल किंवा कोणाचा कमी वयात अचानक मृत्यू झाला असेल तर तेही लिहून न्या, औषध ठरवताना लागतं. फाइल कपाटात ठेवू नका, दाराच्या खुंटीला टांगा. कपाटात गेली की ती विसरली जाईल.

कोणाकडे जायचं

पहिली भेट मानसोपचारतज्ज्ञांची. एमडी, डीएनबी किंवा डीपीएम झालेले डॉक्टर. ते औषध लिहू शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट चाचण्या आणि थेरपी करतात, पण औषध देत नाहीत. त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे असते. दोन्हीकडचे नोंदणी क्रमांक वेबसाइटवर तपासता येतात आणि क्रमांक विचारण्यात कोणाचा अपमान नाही. फलकावर नुसतं "काउन्सेलर" किंवा "माइंड कोच" लिहिलं असेल तर क्रमांक विचाराच.

डोकेदुखी, फिट किंवा अलीकडेच अचानक सुरू झालेला विसर असेल तर मेंदूविकारतज्ज्ञ. लहानपणापासूनच्या विसराळूपणासाठी तिथून सुरुवात करण्याची गरज नाही.

खासगी मानसोपचारतज्ज्ञांची पहिली फी साधारण सहाशे ते दीड हजार. फेरभेट त्याहून कमी. नंबर लावताना फोनवर एवढं विचारा आणि उत्तरं लिहून घ्या: "प्रौढांचं एडीएचडी बघता का? पहिली फी किती? फेरभेट किती दिवसांत आलो तर कमी फीत होते? नंबर चुकला तर पैसे कापता का? चाचण्या वेगळ्या लावता का, किती? पावती मिळते ना?"

यातल्या फेरभेटीच्या दिवसांवर बारीक लक्ष ठेवा. विसरणाऱ्या माणसाचे सगळ्यात जास्त पैसे इथंच जातात. अनेक ठिकाणी सात किंवा पंधरा दिवसांत आलात तर कमी फी किंवा फुकट, सोळाव्या दिवशी पुन्हा पूर्ण फी. दवाखान्यातून बाहेर पडण्याआधी, रिसेप्शनसमोर उभे असतानाच पुढची तारीख घ्या, फोनमध्ये दोन गजर लावा, एक आदल्या संध्याकाळचा आणि एक निघायच्या वेळेचा, आणि घरातल्या एकाला लगेच मेसेज करा. "घरी जाऊन लावतो" म्हणाल तर लागणार नाही.

सकाळी उठवत नाही हे माहीत असताना सकाळचा पहिला नंबर घेऊ नका. संध्याकाळची वेळ घ्या, पण सहा ते आठ धंतोलीत गर्दी टिपेला असते. गाडीनं गेलात तर जागा शोधण्यातच नंबर जातो. या भागातल्या पार्किंगचा प्रश्न रहिवाशांनी उच्च न्यायालयापर्यंत नेला आहे, यावरून काय ते समजा. गाडी चुकीच्या बाजूला लावली आणि उचलून नेली, तर त्या दिवसाची सगळ्यात मोठी रक्कम तीच ठरेल. मेट्रोनं सीताबर्डी किंवा काँग्रेसनगर स्थानकावर उतरा आणि तिथून चालत किंवा ऑटोनं जा.

पैशाची अडचण असेल तर सरकारी वाट चांगली आहे आणि ती कमी दर्जाची नाही. मेडिकल, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, मेयो, मिहानमधलं एम्स, तिन्ही ठिकाणी मानसोपचार विभाग आहे. छिंदवाडा रोडवर प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. केसपेपर नाममात्र पैशांत निघतो. ओपीडी सकाळची असते आणि केसपेपरची खिडकी दुपारच्या आत बंद होते, त्यामुळे लवकर पोहोचा आणि पूर्ण सकाळ मोकळी ठेवा. रोजंदारी असेल तर त्या दिवसाची मजुरी हा खर्चच धरा.

मनोरुग्णालयाच्या ओपीडीत जायला लोक कचरतात. "तिथं गेलं की नावावर शिक्का बसतो" ही भीती काढून टाका. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ प्रमाणे तुमची माहिती गुप्त ठेवणं दवाखान्यावर बंधनकारक आहे. तुमचे कागद मागण्याचा हक्कही त्याच कायद्यानं तुम्हाला दिला आहे. मालकाला किंवा सोयरिकीच्या घरी कोणी कळवत नाही.

तपासण्या: इथं हात आखडता घ्या

एडीएचडी रक्तातून कळत नाही. एमआरआयमधून कळत नाही. "ब्रेन मॅपिंग" नावाच्या रंगीत तक्त्यातूनही निदान होत नाही. निदान प्रश्नोत्तरांतून, तुमच्या इतिहासातून होतं. काही हजारांचं ब्रेन मॅपिंग कोणी पहिल्याच भेटीत सांगितलं तर शांतपणे विचारा, "या रिपोर्टनं माझ्या औषधात काय फरक पडेल?" समाधानकारक उत्तर नसेल तर करू नका. बुद्ध्यांक चाचणीचंही तसंच. शिक्षणाचा वेगळा प्रश्न नसेल तर प्रौढाला ती सहसा लागत नाही.

मात्र झोप आणि विसर यांच्यामागे दुसरी कारणं आहेत का, हे पाहणं योग्य आहे. थायरॉइड, हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि बी-१२. शाकाहारी घरात बी-१२ची कमतरता सर्रास आढळते आणि तिनंही विसर पडतो. पाय वळवळत असतील तर फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा नक्की पाहायला हवा. हिमोग्लोबिन ठीक असूनही तो कमी असू शकतो. चारही मिळून साधारण दीड ते अडीच हजार. पॅथॉलॉजीत "त्यापेक्षा फुल बॉडी करून घ्या, थोडेच जास्त पडतील" असं सांगतील. नको म्हणा. चिठ्ठीवर आहे तेवढंच करा. घरी येऊन रक्त नेण्याचे वेगळे पैसे लागतात का ते आधी विचारा. आणि उपाशीपोटी यायचं आहे का हेही विचारा, कारण चहा पिऊन गेलात तर फेरी फुकट जाते.

झोपेची तपासणी, म्हणजे रात्रभर तारा लावून केलेली स्लीप स्टडी, प्रत्येकाला लागत नाही. जोरात घोरणं, श्वास थांबणं, दिवसा गाडी चालवताना डुलकी, वाढलेलं वजन, रक्तदाब यातलं काही असेल तर लागते. घरी मशीन देऊन केली तर स्वस्त, दवाखान्यात झोपवून केली तर महाग. पाच हजारांपासून पंधरा हजारांपर्यंत आकडे ऐकायला मिळतील. पैसे भरण्याआधी विचारा की रिपोर्ट डॉक्टर वाचून सही करतात की मशीनमधून निघालेला कागदच देतात, त्या रकमेत डॉक्टरांची भेट धरली आहे का, आणि रात्री मशीन निघून तपासणी अर्धवट राहिली तर पुन्हा पैसे लागतात का.

रिपोर्टमध्ये श्वास थांबत असल्याचं निघालं तर श्वासाचं मशीन सुचवलं जातं. त्याची किंमत तीस-चाळीस हजारांपासून पुढे. त्याच दिवशी, त्याच टेबलावर विकत घेऊ नका. आधी भाड्यानं घेऊन महिनाभर वापरा. मास्क चेहऱ्याला बसतो का, तुम्ही तो रात्रभर ठेवता का, हे कळल्यावरच विकत घ्या.

मनगटावरचं घड्याळ झोपेचे जे आकडे दाखवतं त्यावरून घाबरू नका आणि त्यासाठी नवं घड्याळही घेऊ नका. तुमचा चिकटवलेला कागद पुरेसा आहे.

औषधाची चिठ्ठी आणि दुकान

एडीएचडीसाठी भारतात प्रामुख्यानं दोन औषधं लिहिली जातात, मिथाइलफेनिडेट आणि अ‍ॅटोमोक्सेटिन. या दोन्हींची खरेदी वेगवेगळी आहे.

मिथाइलफेनिडेट शेड्यूल एक्समध्ये येतं आणि अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीतही आहे. त्यामुळे डॉक्टरांनी चिठ्ठी दोन प्रतींत लिहायला हवी. एक प्रत दुकानदार ठेवून घेतो आणि ती त्याला दोन वर्षं जपावी लागते. हे औषध विकायला वेगळा परवाना लागतो, तो सगळ्या दुकानांकडे नसतो. म्हणजे काउंटरवर नेमकं काय घडतं ते बघा: तुम्ही मोबाइलमधला चिठ्ठीचा फोटो दाखवता, दुकानदार मान हलवतो. खरी चिठ्ठी काढता, तो म्हणतो एकच प्रत आहे. तुम्ही परत दवाखान्यात, तर दवाखाना बंद झालेला. ही फेरी टाळायची असेल तर डॉक्टरांच्या टेबलावरून उठण्याआधी दोन गोष्टी करा. प्रती दोन आहेत का, दोन्हींवर तारीख, सही, नोंदणी क्रमांक आहे का ते पाहा. आणि हे औषध आज कोणत्या दुकानात आहे ते रिसेप्शनवरून फोन करून विचारा. तुमच्याकडे राहिलेली प्रत त्याच चेनच्या फायलीत. ती हरवली तर नवी चिठ्ठी, म्हणजे नवी भेट.

ऑनलाइन सल्ल्यावर हे औषध लिहिता येत नाही. २०२०च्या टेलिमेडिसिन नियमांनी शेड्यूल एक्सच्या औषधांना मनाई केली आहे. अ‍ॅपवर पाचशे रुपये भरून सल्ला घेतलात तर सल्ला मिळेल, मिथाइलफेनिडेट मिळणार नाही. पैसे भरण्याआधी हे लक्षात असू द्या.

अ‍ॅटोमोक्सेटिनला दोन प्रतींची अट नाही आणि ते जास्त दुकानांत मिळतं. पण त्याचा पूर्ण परिणाम दिसायला काही आठवडे जातात. पाच दिवसांत "काहीच फरक नाही" म्हणून ते बंद करणारे खूप आहेत. त्यांचे औषधाचे आणि भेटीचे, दोन्ही पैसे वाया जातात.

कोणतंही औषध असो, पहिल्यांदा दहा-पंधरा दिवसांचंच घ्या. पहिल्या महिन्यात मात्रा बदलते आणि उरलेल्या गोळ्या दुकानदार परत घेईलच असं नाही. महिन्याचा खर्च मात्रेनुसार काही शेपासून दीड-दोन हजारांपर्यंत जातो. दवाखान्यातल्याच दुकानातून घ्यायची सक्ती नाही. औषध कुठून घ्यायचं आणि तपासणी कुठे करायची हे ठरवणं रुग्णाचा हक्क आहे. औषधाचं मूळ नाव लिहून मागा, म्हणजे किमतींची तुलना करता येते.

झोपेशी या औषधांचा थेट संबंध आहे. साधं मिथाइलफेनिडेट तीन-चार तास चालतं, हळूहळू विरघळणारं जास्त. दुपारी उशिरा घेतलेली गोळी रात्रीची झोप खाते. म्हणून डॉक्टरांना स्पष्ट विचारा, "शेवटची गोळी किती वाजेपर्यंत? सकाळची विसरलो तर दुपारी घेऊ की सोडू?" उत्तर चिठ्ठीवरच लिहून घ्या. सुरू करण्याआधी रक्तदाब, नाडी आणि वजन मोजलं नसेल तर मोजायला सांगा.

आता एक कळकळीची विनंती. झोप येत नाही म्हणून ओळखीच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय अल्प्राझोलाम किंवा झोलपिडेम घेऊ नका. दोन्ही शेड्यूल एच-१मधली औषधं आहेत, विकताना रुग्णाचं नाव नोंदवहीत लिहावं लागतं. जो दुकानदार न लिहिता देतो तो तुमचा हितचिंतक नव्हे. अल्प्राझोलामची सवय लागते, ते अचानक सोडलं तर त्रास होतो, आणि ते स्वतःच स्मरण मंद करतं. विसरतो म्हणून हैराण असलेल्या माणसानं विसर वाढवणारी गोळी घ्यावी, यासारखं नुकसान नाही. आधीपासून घेत असाल तर एकदम बंदही करू नका, डॉक्टरांना सांगा, ते हळूहळू कमी करून देतील. सर्दी-खोकल्याची गुंगी आणणारी औषधं झोपेसाठी घेणं आणि झोपेसाठी दारू, दोन्ही याच रांगेत. दारूनं डोळा लागतो आणि पहाटे उघडतो.

मेलाटोनिनच्या गोड गोळ्या सरसकट विकल्या जातात. अमेरिकेत २०२३ साली अशा पंचवीस उत्पादनांची तपासणी झाली, त्यात बावीस उत्पादनांवर लिहिलेलं प्रमाण आणि आतलं प्रमाण जुळलं नाही. जास्त मिलिग्रॅम म्हणजे जास्त झोप, असं नाही. घड्याळ मागे आणायला कमी मात्रा योग्य वेळी लागते, आणि ती वेळ अनेकदा झोपण्याच्या काही तास आधीची असते. मात्रा आणि वेळ डॉक्टरांकडून घ्या. लहान मुलांना मनानं देऊ नका.

अमेरिकेतल्या भाच्याकडून अ‍ॅडरॉल मागवण्याच्या भानगडीत पडू नका. ते भारतात मंजूर नाही, आणि त्यातलं अ‍ॅम्फेटामिन अमली पदार्थविरोधी कायद्याखाली येतं.

थेरपी

झोप मोडलेली असेल, म्हणजे पडूनही तासन्‌तास लागत नाही आणि सुट्टीतही लागत नाही, तर निद्रानाशासाठीची वर्तन थेरपी हा पहिला उपाय मानला जातो. सहसा सहा ते आठ बैठका लागतात, प्रत्येक बैठक साधारण आठशे ते दोन हजार. दहा-बारा बैठकांचे पैसे आगाऊ भरू नका. दोन बैठका रोख करून बघा. नेमून दिलेलं काम तुमच्याच्यानं होतं का, समोरची व्यक्ती एडीएचडी समजून बोलते का, ते पाहा. चुकलेल्या बैठकीचे पैसे कापले जातात का हे पहिल्याच दिवशी विचारा, तुम्ही विसरणार आहात हे धरूनच.

घरात काय घ्यायचं

इथं हजार-बाराशेत जेवढा फरक पडतो तेवढा कशानं पडत नाही. लक्षात ठेवण्याचा निश्चय करू नका, वस्तूंना जागा द्या. दाराच्या आतल्या बाजूला खुंटी आणि तिच्याखाली एक ताटली: किल्ली, पाकीट, हेल्मेट, फाइल इथंच. दुसरी जागा नाही. सात खणांची गोळ्यांची डबी शंभर-दोनशे रुपयांना मिळते. ती रविवारी भरा आणि चहाच्या डब्याशेजारी ठेवा. गोळी घेतली की नाही, हा प्रश्न खण बघून सुटतो. जेवणाच्या टेबलासमोर एक पांढरा फळा, त्यावर फक्त आजची तीन कामं. किल्लीला लावायचं बिल्ल्यासारखं ब्लूटूथ यंत्र खुंटीपेक्षा महाग पडतं. खुंटी महिनाभर वापरूनही किल्ली हरवत असेल तरच घ्या.

तीनशे रुपयांचं साधं गजराचं घड्याळ आणा आणि ते खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा. फोन रात्री स्वयंपाकघरात चार्जिंगला लावा. "गजरासाठी फोन उशाशी लागतो" ही सबब त्यामुळे संपते.

महावितरणचं बिल, विम्याचा हप्ता, क्रेडिट कार्ड हे सगळं बँकेतून आपोआप कापलं जाईल अशी सोय करा. विलंब आकार हा विसरण्याचा दंडच आहे आणि वर्षाचा हिशेब केलात तर डॉक्टरांच्या दोन भेटी त्यात निघतील. मात्र खात्यात त्या तारखेला शिल्लक हवी, नाहीतर बँकही दंड लावते. पगाराच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीची तारीख निवडा.

नागपूरच्या उन्हाळ्याचा खास मुद्दा: कूलर. रात्री पाणी घालायला विसरता, पहाटे तीनला टाकी कोरडी पडते, कूलर गरम हवा फेकतो आणि झोप मोडते ती मोडतेच. टाकीत बॉल व्हॉल्व्ह बसवून नळाची पाइप जोडा. प्लंबरसह चार-पाचशेत काम होतं. मार्चमध्येच करून घ्या, मे महिन्यात प्लंबर मिळत नाही.

सकाळचा उजेड फुकट आहे. उठल्यावर अर्धा तास गच्चीवर, अंगणात किंवा जवळच्या बागेत. उन्हाळ्यात सहा-साडेसहाला जा, नंतर ऊन सोसत नाही. उठण्याची वेळ रविवारीही तीच ठेवा. झोपण्याची वेळ आधी ओढायला जाऊ नका, उठण्याची पक्की झाली की ती मागून येते, आणि यायला दोन-तीन आठवडे लागतात. चहा-कॉफी दुपारनंतर बंद.

विमा, प्रमाणपत्र, तक्रार

मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच विमा संरक्षण द्यावं, असं २०१७च्या कायद्यातलं कलम २१ सांगतं. प्रत्यक्षात बहुतेक पॉलिसींत ओपीडी धरलेलीच नसते, त्यामुळे फी आणि गोळ्या तुमच्याच खिशातून. ओपीडीचा लाभ असलेली पॉलिसी असेल तर प्रत्येक पावती, चिठ्ठीची प्रत आणि निदान लिहिलेला कागद जपा. "पावती हवी असेल तर जास्त पडतील" असं कोणी म्हटलं तर तिथं पुन्हा जाऊ नका.

दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांत एडीएचडीचं स्वतंत्र नाव नाही. "एडीएचडीचं अपंग प्रमाणपत्र काढून देतो" म्हणून पैसे मागणारा दलाल तुम्हाला फसवतो आहे. मुलाला शाळेत सवलत हवी असेल तर अध्ययन अक्षमतेची वेगळी तपासणी लागते. ती मान्यताप्राप्त सरकारी रुग्णालयातून करा, कारण खासगी रिपोर्ट शिक्षण मंडळात चालेलच असं नाही.

रुग्णालयांनी दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं राज्याच्या २०२१च्या नियमांनुसार बंधनकारक आहे. दिसत नसेल तर मागा. बिलात न सांगितलेली रक्कम असेल तर आधी लेखी खुलासा मागा. तेवढ्यानं काम झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

रात्री झोप नाही, डोक्यात विचारांचा कल्लोळ आहे आणि कोणाशी तरी बोलायचं आहे, तर टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन, १४४१६. चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. फोन लागला की भाषेचा पर्याय निवडा. ते औषध लिहून देण्याची घाई करत नाहीत, जवळच्या सरकारी केंद्राशी जोडून देतात. जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार येत असेल तर सकाळच्या नंबराची वाट बघू नका. घरातल्या कोणाला तरी उठवा आणि थेट मेडिकलच्या आकस्मिक विभागात जा, तो रात्रभर उघडा असतो. केसपेपर तिथंच निघतो, आधी कागद जमवायची गरज नाही.